कॅनडाने फक्त जागा दिली का?

मागच्या लेखावर इतकं सविस्तर आणि खरमरीत लिहिलंत, त्याबद्दल आभार. आपलं म्हणणं असं: दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबाँबच्या कामात कॅनडाचा वाटा मी फुगवून सांगितला. युरेनियम काँगोचं, डोकी ब्रिटिश-फ्रेंच, पैसा अमेरिकेचा. कॅनडाने फक्त जागा दिली.

युरेनियमबाबत चूक माझीच. बहुतांश खनिज बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीतून आलं, आणि माझ्या वाक्यातून ते सगळं कॅनडाचंच असल्यासारखं वाटत होतं. पण त्या काँगोच्या खनिजातलंही बरंचसं शुद्ध कुठे झालं? ओंटारिओ सरोवराकाठच्या पोर्ट होपमध्ये, एल्डोराडो कंपनीच्या कारखान्यात. तो मुळात रेडियमसाठी उभारलेला होता. १९४४ मध्ये सरकारने अख्खी कंपनीच ताब्यात घेतली. नुसती जागा देणारा देश असं करत नाही.

पैशाचं म्हणाल तर माँट्रियालच्या ब्रिटिश-कॅनेडियन अणुसंशोधन प्रयोगशाळेत ब्रिटनने आपल्या माणसांचे पगार दिले, बाकीचा खर्च मुख्यतः कॅनडाच्या तिजोरीतून झाला. तिथे प्रमुख बाहेरचे होते हे खरं. आधी फ्रान्समधून आलेले भौतिकशास्त्रज्ञ हालबान, १९४४ पासून ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ कॉकक्रॉफ्ट. पण त्यांच्या हाताखाली तरुण कॅनेडियन मोठ्या संख्येने होते. आणि ही मंडळी येण्याआधीच, १९४० मध्ये, ओटावात कॅनेडियन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लॉरेन्स रोजचं काम सांभाळून युरेनियम ऑक्साइडच्या कागदी पिशव्या कोकच्या, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाच्या, ढिगात रचत होते. कोळशातल्या कार्बनने न्यूट्रॉन मंदावले तर एकामागून एक युरेनियमचे अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया पेटेल, हा हिशेब. मालातल्या अशुद्धीने न्यूट्रॉन गिळले आणि प्रयोग फसला. पण विचार बरोबर होता. डिसेंबर १९४२ मध्ये शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी शुद्ध ग्रॅफाइट (कार्बनचंच एक रूप) वापरून तोच खरा करून दाखवला. फसलेल्या प्रयोगाला वाटा म्हणायचं की नाही, यावर आपलं एकमत होणार नाही. मी म्हणतो.

खरा मतभेद मात्र पुढे आहे. आपण 'वाटा' म्हणजे श्रेय असं धरलंत. मला त्यात ओझंही दिसतं, अगदी पाठीवरचं. कॅनडाच्या उत्तरेतल्या ग्रेट बेअर सरोवराकाठच्या पोर्ट रेडियम खाणीतलं युरेनियमचं खनिज गोण्यांत भरून पडावांनी दक्षिणेला जाई. ग्रेट बेअर नदीच्या खळाळापाशी सगळा माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. ते काम साहतू डेने या आदिवासी समाजातले पुरुष करत. एकेक गोणी सुमारे ४५ किलोची. धूळ अंगावर, कपड्यांवर, घरी बायकामुलांपर्यंत. आत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढे त्यातले बरेच पुरुष कर्करोगाने गेले असं गावकरी सांगतात, आणि त्यांचं डेलिने हे गाव 'विधवांचं गाव' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सरकार आणि गावकऱ्यांच्या २००५ च्या संयुक्त अहवालात या कामाचा कर्करोगाशी थेट संबंध ठामपणे सिद्ध झाला नाही, हेही इथे नोंदवायला हवं. पण १९९८ मध्ये याच समाजातली काही माणसं हिरोशिमाला जाऊन तिथल्या लोकांची माफी मागून आली. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांनी माफी मागितली. हे वाचल्यापासून कॅनडाने 'फक्त जागा दिली' हे वाक्य मला लिहवत नाही.

जड पाण्याच्या (कार्बनसारखंच न्यूट्रॉन मंदावणाऱ्या खास पाण्याच्या) अणुभट्ट्यांचं आपण विचारलंत. ब्रिटिश कोलंबियातल्या ट्रेलला युद्धकाळातच जड पाणी तयार होत होतं. ओंटारिओतल्या चॉक रिव्हर अणुकेंद्राची झीप ही भट्टी ५ सप्टेंबर १९४५ ला सुरू झाली, म्हणजे बाँब पडून गेल्यावर. ती मी बाँबच्या खात्यात धरत नाही. तिथल्याच एनआरएक्स या दुसऱ्या भट्टीच्या धर्तीवर आपल्या ट्रॉम्बेची सायरस भट्टी बांधली गेली, १९६० मध्ये चालू झाली, आणि १९७४ च्या पोखरणचं प्लुटोनियम तिचंच. त्यावर वेगळं लिहायचं आहे.

मूळ लेखातलं वाक्य आता असं केलं आहे: 'बहुतांश खनिज काँगोचं; काही कॅनडाचं; शुद्धीकरणाचं मोठं काम पोर्ट होपमध्ये.' खाली दुरुस्तीची तारीखही टाकली आहे.