काड्यांचे गठ्ठे, हातचा आणि दुसरीतली वजाबाकी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुसरीतली वजाबाकी काड्यांच्या गठ्ठ्यांनी शिकवण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चाळीस मुलांच्या वर्गात काड्यांचे गठ्ठे सोडत-बांधत बसलं की गोंधळ होतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. मुलांना काड्यांची सवय लागते, मग परीक्षेत ती अडतात. आणि शाळेत दोन आठवडे जे चाललंय, ते तुम्ही मुलीला घरी पाच मिनिटांत शिकवलंत.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण खरी मेख तिथे आहे.

तुम्ही तिला ५२ − २७ असं शिकवलंत: दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन, उत्तर २५. रीत शंभर टक्के बरोबर आहे. वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवला, म्हणजे दोन्हींकडे दहाच वाढले, त्यामुळे फरक तोच राहिला. पण वर्गात आता वेगळी रीत आहे. तिथे ५२ मधल्या पाच दशकांपैकी एक सुटा करतात, म्हणून वरच्या ५ चे ४ होतात आणि खालच्या २ ला हात लावत नाहीत. दोन्ही रीती एकाच आठवड्यात कानावर पडल्या की मूल वरच्या ५ चे ४ करतं आणि खालच्या २ चे ३ही करतं. उत्तर येतं १५. वहीत हे १५ दिसलं तर मुलीला धांदरट म्हणू नका, तिने दोघांचंही ऐकलेलं असतं. निदान हे प्रकरण पक्कं होईपर्यंत घरी वर्गातलीच रीत ठेवा, ही कळकळीची विनंती.

आता काड्यांकडे. तुम्ही त्यांना खेळ म्हणालात, पण त्यांच्याशिवाय ‘५ चे ४ आणि २ चे १२’ हा नुसता हुकूम उरतो. मुलासमोर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. त्यातून सत्तावीस द्यायच्या. दोन गठ्ठे सहज उचलून देता येतात. सात सुट्या मागितल्या की हात थांबतो, कारण सुट्या दोनच आहेत. अशा वेळी शिक्षकाने गप्प राहायचं. थोड्या वेळाने कुणीतरी गठ्ठ्याचं रबर काढतंच. त्या क्षणी पाटीवर उरलेले दशक आणि सुटे मांडून घ्यायचे. काडी आणि आकडा एकत्र चालले नाहीत, तर काड्यांचा खरोखर खेळच होतो. तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

हा उपक्रम फसतो तो ठरावीक ठिकाणी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ५२ काड्याही मांडायच्या आणि शेजारी २७ही मांडायच्या. मग काय कशातून काढायचं हेच मुलांना कळत नाही. मांडायची फक्त वरची संख्या. खालची संख्या म्हणजे द्यायच्या किती, एवढंच. दुसरी चूक, गठ्ठे शिक्षकांनी आयते बांधून देणं. स्वतः मोजून न बांधलेल्या गठ्ठ्यावर मुलाचा विश्वास नसतो, ते सोडून पुन्हा पुन्हा मोजतं. तिसरी, ‘उसना घेतला’ हा शब्द. उसना घेतलेलं परत करायचं असतं, इथे तर कुणी परत करत नाही. ‘दशक सुटा केला’ म्हणावं.

चाळीस मुलांचं गणित असं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, पण चाळीसच धरू. चार-चार मुलांचे दहा गट. प्रत्येक गटाला नऊ गठ्ठे आणि वीस सुट्या, म्हणजे ११० काड्या, एकूण ११००. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडून टोकं बोथट करून घ्यायच्या. रबर बँड उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात, जुन्या सायकलच्या ट्यूबचे पातळ काप कितीतरी जास्त टिकतात. गटात एक जण काड्या हाताळतो, एक पाटीवर लिहितो, एक गणित वाचतो, एक उत्तरात खालची संख्या मिळवून ताळा पाहतो. दर गणिताला कामं बदलायची. काड्या परत घेताना प्रत्येक गटाने अकरा गठ्ठे बांधूनच पिशवी द्यायची. दहाच भरले तर काड्या कुठेतरी सांडल्यात हे मुलांनाच कळतं, आणि दहा-दहा बांधण्याचा सरावही होतो.

वेळेबद्दल: पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा असते. रोज गणिताची एक तासिका धरली तर काड्यांपासून नुसत्या आकड्यांपर्यंत लागणाऱ्या दहा तासिका म्हणजे विसावा हिस्सा. तिसरी-चौथीत तीन अंकी वजाबाकी याच पायावर उभी राहते.

सवयीची भीती मात्र रास्त आहे, आणि काड्या कधी काढून घ्यायच्या हे मूळ लेखात मी लिहिलंच नव्हतं. तीन-चार तासिका काड्या. मग वहीत दशकाला उभी रेघ, सुट्याला ठिपका. दशक सुटा केला की एक रेघ खोडून दहा ठिपके काढायचे. दहा-दहा ठिपके काढायचा मुलांना लवकरच कंटाळा येतो, आणि हा कंटाळा कामाचा असतो. मग नुसते आकडे. ‘इथे ४ का लिहिलेस?’ याला मूल ‘एक गठ्ठा सोडला म्हणून’ असं काहीतरी सांगत असेल, तर काड्या पुन्हा काढू नयेत. शंभरच्या पुढे तर काड्या नकोतच. तिथे कागदी १००, १० आणि १ च्या नोटा बऱ्या.

जाता जाता मराठी संख्यानामांबद्दल, कारण पुष्कळ चुका वजाबाकीच्या नसतातच. ‘बावन्न’ मध्ये आधी दोनाचा आवाज येतो, म्हणून मूल २५ लिहितं. ‘एकोणतीस’ मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ३९ लिहितं. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा धर्तीचं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! माझ्या मते रूढ नावं शिकवायचीच, पण मांडताना ‘पन्नास आणि दोन’ असं म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही.

आज मुलीला ६० − २४ द्या. उत्तर ४४ आलं, तर ती शून्य आणि चारमध्ये मोठ्यातून लहान वजा करतेय. तेव्हा काहीही न समजावता सहा गठ्ठे तिच्यासमोर ठेवा आणि चोवीस काड्या मागा. ३६ आलं, तर काड्या न काढता ५२ − २७ द्या आणि तिने ४ का लिहिला ते तिलाच विचारा. काय म्हणाली ते इथे जरूर लिहा.