ऑडिओबुकची वर्गणी भरा, पण वाचनालयाकडेही मागा

मी ऑडिओबुकं ऐकते हे कळलं की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "दर महिन्याला पैसे भरायचे, की फुकट ऐकायची काही सोय आहे?" याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. तुम्ही राहता कुठं आणि ऐकता कुठल्या भाषेत, यावर सगळं ठरतं. आणि या हिशेबात मराठी ऐकणाऱ्याच्या वाट्याला जे येतं ते मला मनापासून खटकतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड तिला राहत्या पत्त्याचा पुरावा दाखवून मिळालं, पैसे पडले नाहीत. त्या कार्डाचा नंबर लिबी नावाच्या ॲपमध्ये टाकला की वाचनालयाची ई-पुस्तकं आणि ऑडिओबुकं फोनवर येतात. दोन-तीन आठवड्यांची मुदत असते. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, त्यामुळं उशीर झाला, दंड बसला ही भानगडच नाही. ती रोज गाडी चालवत ऑफिसला जाते आणि त्या वेळात तिची पुस्तकं ऐकून होतात. पुस्तकांवर ती एक पैसाही खर्च करत नाही.

मात्र तिथंही रांग असते. बहुतेक पुस्तकांना 'एक प्रत, एक वाचक' हाच नियम लागू आहे. वाचनालयानं एखाद्या ऑडिओबुकच्या चार प्रतींचा परवाना घेतला असेल तर एका वेळी चौघांनाच ते मिळतं, पाचवा थांबतो. नव्या, गाजलेल्या पुस्तकासाठी कित्येक आठवडे थांबावं लागतं. हूप्ला नावाचं दुसरं एक ॲप आहे, त्यात रांग नसते. पण तिथं प्रत्येक वेळी पुस्तक दिलं की वाचनालयाला त्याचे पैसे मोजावे लागतात, म्हणून महिन्याला अमुकच पुस्तकं अशी मर्यादा घालतात.

म्हणजे वाचकाला फुकट असलं तरी पैसे कुणीतरी भरतंच आहे. तिथं ते स्थानिक करांतून येतात, आणि वाचनालयाला एकेका डिजिटल प्रतीसाठी सामान्य ग्राहकापेक्षा कितीतरी जास्त किंमत मोजावी लागते. वर ती प्रत कायमची मिळेल असंही नाही. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेनं नियम केला की ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. २०१९ च्या नोव्हेंबरपासून मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशन संस्थेनं ठरवलं की नवीन ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका वाचनालय-व्यवस्थेला एकच प्रत मिळेल, मग ते शहर केवढंही मोठं असो. अनेक वाचनालयांनी खरेदीवर बहिष्कार टाकला, आणि २०२० च्या मार्चमध्ये मॅकमिलननं तो नियम मागं घेतला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती फुकटची सोय आपोआप टिकलेली नाही, तिच्यासाठी वाचनालयं भांडली.

तेव्हा परदेशात असलेल्या आणि असं कार्ड मिळू शकणाऱ्या मराठी मंडळींना माझा स्पष्ट सल्ला आहे. इंग्रजी ऐकायचं असेल तर आधी वाचनालयाचं कार्ड काढा, एका वेळी पाच-सहा पुस्तकांना नंबर लावून ठेवा, एक ना एक हाताशी येत राहतं. ऑडिबल या पैसे भरून ऐकायच्या ॲपनं फक्त स्वतःसाठी केलेली पुस्तकं सहसा तिथं मिळणार नाहीत. ती हवीच असतील तर एखाद्या महिन्यापुरते पैसे भरा. मराठीसाठी मात्र त्या कार्डाचा उपयोग शून्याच्या जवळ आहे. बहिणीनं तिच्या वाचनालयात मराठी ऑडिओ शोधलं, काहीच हाती लागलं नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास एवढी मराठी वस्ती असूनही! (लिबीमध्ये हव्या असलेल्या पुस्तकाची सूचना वाचनालयाला देता येते. मराठी मंडळांनी हे काम हातात घ्यायला हरकत नाही.)

आता आपल्याकडचं. इथं निवड करायला दुसरी बाजूच नाही, हे माझं दुखणं.

मराठी ऑडिओबुक ऐकायचं म्हणजे पैसे भरून घेतलेलं ॲप, हे आपण गृहीतच धरलंय. त्या ॲपवाल्यांवर माझा राग नाही. उलट स्टोरीटेल २०१७ च्या शेवटी भारतात आलं आणि अगदी सुरुवातीपासून मराठी घेऊन आलं, याचं मला आजही कौतुक आहे. रंगभूमीवरच्या, आकाशवाणीवरच्या कितीतरी आवाजांना त्यातून काम मिळालं. जुन्या कादंबऱ्या पुन्हा लोकांच्या कानावर पडल्या. लेखकाला त्याचा वाटा मिळतो, ध्वनिमुद्रण नीट केलेलं असतं. मी वर्गणी भरते आणि भरत राहणार आहे.

फक्त कशाचे पैसे भरतोय ते नीट समजून घ्या. स्टोरीटेलसारख्या ठिकाणी वर्गणी चालू आहे तोवर हवं तेवढं ऐका. बंद केली की अर्धवट राहिलेलं पुस्तकही उघडत नाही. ऑडिबलच्या क्रेडिटवर, म्हणजे सदस्यत्वात मिळणाऱ्या कूपनवर, घेतलेलं पुस्तक सदस्यत्व सोडलं तरी तुमच्या खात्यात राहतं. झपाट्यानं ऐकणाऱ्याला पहिला प्रकार परवडतो. माझ्यासारखी तेच पुस्तक वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा ऐकणारी असेल तर दुसऱ्याचा विचार करावा. दर महिन्याला ऐकणं होत नसेल तर खात्यातून आपोआप पैसे जाण्याची परवानगी काढून टाका आणि सुट्टीच्या, प्रवासाच्या महिन्यांत तेवढी वर्गणी घ्या. एवढा विचार पुरतो, त्यात फार डोकं घालवण्यासारखं काही नाही.

मला बोलायचंय ते माझ्या आईबद्दल आणि तिच्यासारख्या अनेकांबद्दल.

आई सांगलीला असते. आयुष्यभर वाचनालयाची सभासद. आठवड्यातून एकदा पुस्तक बदलून आणायचं हा तिचा नेम, आणि तिथले ग्रंथपाल तिच्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवायचे. गेल्या काही वर्षांत डोळ्यांनी साथ सोडली. अक्षरं मधोमध पुसट दिसतात, भिंग घेऊनही पान पुढं सरकत नाही. मी तिच्या फोनवर ॲप टाकून दिलं. पहिले काही दिवस कुरकुर झाली, "अगं, ही बाई फार घाईत वाचते गं." वेग जरा कमी करून दिला. ऐकता ऐकता डोळा लागायचा आणि पुस्तक चार प्रकरणं पुढं गेलेलं असायचं, म्हणून अर्ध्या तासानं आपोआप बंद होईल असं लावून दिलं. आता पंधरा सेकंद मागं जायचं बटण तिला बरोबर सापडतं. एखादं वाक्य आवडलं की ती ते तीन-तीनदा ऐकते, आणि मला फोन करून सांगते.

वर्गणी माझ्या कार्डावरून जाते. पण आईच्या वाचनालयात तिच्या वयाच्या किती जणी होत्या! ज्यांच्या मुलाबाळांना हे सुचलं नाही, किंवा ज्यांच्याकडं महिन्याला तेवढे पैसे टाकायची सोय नाही, त्यांनी डोळे गेले की वाचन सोडायचं का? वाचनालयाच्या थोडक्या मासिक वर्गणीत त्या हवं ते वाचत होत्या. कागदावरून कानावर आल्याबरोबर त्यांचा तो हक्क संपला.

दृष्टी अधू असलेल्यांसाठी काही चांगली कामं झाली आहेत, ती माहीत असावीत म्हणून सांगते. मुंबईत वरळीच्या नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) या संस्थेनं कॅसेटच्या काळापासून बोलकी पुस्तकं तयार केली. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी. त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं मिळतात. हे शक्य झालं कारण २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागेनाशी झाली. पुढं याच विषयावरचा माराकेश करार आला, तर २०१४ मध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. तुमच्या घरी कुणाचे डोळे गेले असतील तर सुगम्य पुस्तकालयाची चौकशी जरूर करा. मात्र तिथली बरीच पुस्तकं मजकुराच्या रूपात असतात आणि ती फोनमधला यंत्राचा आवाज वाचून दाखवतो. त्या आवाजाला 'चार' आणि 'चारा' यांतले दोन वेगळे 'च' अजून नीट कळत नाहीत. माहितीचं पुस्तक असेल तर चालून जातं. कादंबरी तशी ऐकायला आई तयार नाही, आणि मी तिला दोष देणार नाही.

आणि टेलिग्रामवरच्या फायली, यूट्यूबवर कुणीतरी चढवलेली अख्खीच्या अख्खी पुस्तकं? "ते आहे की फुकट!" असं मला अनेकांनी सांगितलंय. वाचनालयाचं फुकट आणि हे फुकट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाचनालय प्रत विकत घेतं, लेखकाला त्याचे पैसे पोचतात. ब्रिटनमध्ये तर पुस्तक वाचनालयातून जितक्या वेळा जातं त्या प्रमाणात लेखकाला सरकारकडून मानधन मिळतं, आणि २०१८ पासून ई-पुस्तकं व ऑडिओबुकंही त्यात धरली आहेत. टेलिग्रामवरच्या चोरीत लेखक, वाचणारा कलाकार, प्रकाशक, सगळेच मारले जातात. मराठीत आधीच पुस्तकाची आवृत्ती छोटी असते. तिथं ही चोरी करणाऱ्याला मी वाचनप्रेमी म्हणणार नाही.

मग आपली वाचनालयं का देत नाहीत ऑडिओबुकं? महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. एवढं जाळं देशातल्या फार थोड्या राज्यांकडं असेल. पण ती चालतात शासनाच्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर. आपल्या कायद्यात ग्रंथालय-कर नाही. कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे, आणि त्याच कर्नाटकानं २०२० मध्ये सार्वजनिक डिजिटल ग्रंथालय सुरू केलं, नागरिकांना मोफत. सांगलीहून दीड-दोन तासांत जिथं पोचता येतं त्या राज्यात हे होऊ शकतं, तर इथं का नाही?

दुसरी अडचण कायद्याची आहे. छापील पुस्तक वाचनालयानं दुकानातून विकत घेतलं की ते कुणालाही द्यायला मोकळं. ऑडिओ फाइलचं तसं नाही. ती विकत घेतली तरी आपल्याला मिळतो तो फक्त ऐकण्याचा परवाना. इतरांना द्यायची तर वाचनालयांसाठीचा वेगळा परवाना लागतो, आणि मराठीत तो विकणारं मला तरी कुणी भेटलं नाही. तालुक्याच्या गावातलं एकटं वाचनालय हे करू शकणार नाही, हे मलाही कळतं. जिथं कर्मचाऱ्यांचे पगार तुटपुंजे आणि अनुदानाची वाट बघण्यात वर्ष जातं, तिथं ग्रंथपालांवर आणखी एक काम कसं टाकायचं? म्हणून परवान्याची खरेदी राज्य पातळीवर, ग्रंथालय संचालनालयानं प्रकाशकांशी बसून करायला हवी. एक प्रत एक वाचक असा नियम ठेवा, रांग लागू दे. आईसारख्या वाचकाला थांबायला वेळ आहे.

आणि सगळंच शासनावर सोपवून बसायची गरज नाही. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी लिहिलेलं २०११ पासून खुलं आहे. हरिभाऊ आपटे, गडकरी तर १९१९ मध्येच गेले. ही पुस्तकं ध्वनिमुद्रित करायला कुणाला विचारावं लागत नाही. लिब्रीवॉक्स या संकेतस्थळावर २००५ पासून जगभरचे स्वयंसेवक आपापल्या घरून हेच काम करतात, तिथंही मराठी वाचून घालता येतं. आणि वाचायला माणसं कुठून आणायची हा प्रश्न निदान सांगलीनं तरी विचारू नये. १८४३ मध्ये मराठी नाटक जिथं उभं राहिलं त्या गावात आजही राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमी चालतात, शब्द न शब्द स्वच्छ उच्चारणारी पोरं-पोरी आहेत. एक बऱ्यापैकी माईक, वाचनालयाची रात्री रिकामी असलेली खोली, आणि पंखा बंद ठेवायची तयारी. पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात फार येते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मी आईच्या वाचनालयाला पत्र दिलं आहे. त्यात दोन मागण्या आहेत. खुल्या झालेल्या पुस्तकांपैकी एक यावर्षी सभासदांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ज्येष्ठ सभासदांना पेन ड्राइव्हवर द्यावं. आणि ऑडिओबुकांच्या सामायिक परवान्यासाठी ग्रंथालय संचालनालयाकडं पाठवायचा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा. पहिल्या पुस्तकाचं वाचन करायला मी स्वतः सांगलीला येऊन राहायला तयार आहे, हेही त्यात लिहिलंय. तुम्ही जिथल्या वाचनालयाचे सभासद असाल तिथल्या सभेची तारीख विचारून ठेवा. पत्राचा मसुदा हवा असेल तर मला निरोप पाठवा, नाव-गाव बदलून तसाच वापरा.