‘सिरॅमिक भरा, रॉड विसरा’वाल्या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मोडलेल्या हाडाला आता रॉड-प्लेट नको, बायोसिरॅमिक कंपोझिट (शरीरात चालणारं चिनीमातीच्या जातीचं मटेरियल, दुसऱ्या कशाततरी मिसळलेलं) भरा, टायटॅनियमपेक्षा मजबूत, सहा आठवड्यांत त्याचंच हाड होतं, शरीर कधीच रिजेक्ट करत नाही, धातू विषारी असतो, शोध नवीन आहे अन् डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. मी सोडूनच देणार होतो पण मावशीचा फोन आला, काकांच्या नडगीचं ऑपरेशन सोमवारी आहे, म्हणे "ह्यांचा रॉड कॅन्सल करू का रे?" माझं शिक्षण सिरॅमिकमधलंच, दोन वर्षं भट्टीतून गोळ्या काढून तोडून बघण्यात गेलीत, म्हणून लिहितो.

"टायटॅनियमपेक्षा मजबूत." कशात मजबूत ते आधी विचारा. घट्ट भाजलेलं सिरॅमिक दाबाला मजबूत असतं, हे खरं. पण आजीची लोणच्याची बरणी आठवा, वर कितीही वजन ठेवा काही होत नाही, ओट्यावरून पडली की खेळ खल्लास. अन् चालताना नडगी नुसती दाबली जात नाही, वाकते, पिळलीपण जाते. मुळात हाड स्वतःच कंपोझिट आहे, वजनाने साधारण ६५-७० टक्के खनिज, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या जातीचं (कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज), बाकी मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन अन् पाणी. कोलॅजन म्हणजे स्लॅबमधल्या सळया, खनिज म्हणजे काँक्रीट. सळया गेल्या की काय होतं ते अस्थी सावडायला गेलेल्या माणसाला सांगायला नको, कोलॅजन जळून गेलेलं असतं, खनिज तेवढं उरतं, बोटांत धरलं की चुरा. म्हणून तर सिरॅमिकला पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकसारख्या मटेरियलची जोड देतात. लंडनमध्ये विल्यम बॉनफिल्ड यांच्या टीमने ऐंशीच्या दशकात पॉलिइथिलीनमध्ये आकारमानाने ४० टक्के हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट घालून असं मटेरियल केलं, डोकं लावलेलं काम आहे, पण ते वापरलं कुठे तर मधल्या कानात अन् डोळ्याच्या खोबणीच्या तळाला. मांडीत नाही, नडगीत नाही. शिवाय गोची अशी की नवं हाड आत शिरायला छिद्रं लागतात, साधारण १०० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या) वरची, अन् छिद्रं वाढवली की ताकद ढासळते. माझ्या अर्ध्या गोळ्या ह्याच कारणाने चिमट्यातच फुटायच्या.

"सहा आठवड्यांत त्याचंच हाड होतं." सिरॅमिकचं हाड होत नाही हो, सिरॅमिकवर हाड चढतं. कारल्याचा वेल मांडवावर चढतो तसं. मांडवाचा वेल होत नाही, अन् मुळाला पाणीच नसेल, म्हणजे आजूबाजूला जिवंत हाड अन् रक्तपुरवठा नसेल, तर मांडव नुसता उभा राहतो. आता मांडव किती दिवस टिकतो ते मटेरियलवर. कॅल्शियम सल्फेट (प्लास्टर ऑफ पॅरिस त्यातलंच) काही आठवड्यांतच विरघळून जातं, कधीकधी हाड यायच्या आधीच, बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटला काही महिने ते वर्ष-दोन वर्षं लागतात, अन् चांगलं भाजलेलं घट्ट हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट कित्येक वर्षांनी काढलेल्या एक्सरेतही दिसतं. म्हणून बरेचदा दोन मटेरियल मिसळून वापरतात.

रिजेक्शनचं अर्धं खरं आहे. किडनीसारखं रिजेक्शन होत नाही कारण ह्यात परक्या पेशीच नसतात. पण इन्फेक्शन वेगळं प्रकरण, बॅक्टेरिया सिरॅमिकवरही थर धरतात. एस५३पी४ नावाची एक बायोअ‍ॅक्टिव्ह काच आहे, फिनलंडची, ती आजूबाजूचा पीएच वाढवून, म्हणजे आम्लता कमी करून, बॅक्टेरियाला जगणं अवघड करते अन् हाडाच्या जुनाट इन्फेक्शनमध्ये वापरतात. एका काचेचा गुण सगळ्या सिरॅमिकला चिकटवून टाकायचा म्हणजे कमाल आहे.

"धातू विषारी." ही भीती बहुतेक मेटल-ऑन-मेटल कृत्रिम खुब्यांमुळे आली असावी, धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात जायचं, २०१० मध्ये तसे सांधे जगभरातून परत मागवले होते. नडगीतला रॉड काही सांध्यासारखा दिवसरात्र घासत नसतो. धातूची खरी तक्रार वेगळी आहे, तो फार ताठ. स्टीलचा ताठपणा साधारण २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, कडक हाडाचा १५-२०. सगळा भार धातूच उचलतो अन् शेजारचं हाड बसून खाऊन अशक्त होतं. हा मुद्दा लिहिला असता तर मीपण फॉरवर्ड केला असता. अन् सिरॅमिक म्हणजे शून्य धोका? कृत्रिम खुब्याचे झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचे गोळे २००१ मध्ये परत मागवावे लागले, शरीरात फुटत होते, का तर कारखान्यातली भाजायची भट्टी बदलली होती. हे वाचून मला तेव्हा झोप आली नव्हती.

"नवीन शोध." जर्मनीत ड्रीसमन यांनी १८९२ मध्ये हाडाच्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं होतं. फ्लोरिडात लॅरी हेंच यांनी हाडाला चिकटणारी काच १९६९ मध्ये केली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतही ह्या मटेरियलवर कित्येक वर्षं काम चाललंय.

राहता राहिलं "डॉक्टर सांगत नाहीत." मावशीला म्हटलं, तू हॉस्पिटलच्या एस्टिमेटचा फोटो पाठव बघू. रॉड अन् स्क्रूच्या खालच्याच ओळीत होतं, बोन ग्राफ्ट सब्स्टिट्यूट, ग्रॅन्युल्स, ५ सीसी. म्हणजे सिरॅमिकचेच दाणे, हाडाचा थोडा चुरा झालाय तिथे भरायला. रॉड धरून ठेवणार, सिरॅमिक गॅप भरणार. मावशी म्हणाली, "अगं बाई, मला वाटलं ते औषध आहे." ऑपरेशन सोमवारीच आहे.