ख्रिस्ताचं नाव न ऐकलेल्यांचा निकाल तुम्ही लावू नका

आज सकाळी एका प्रार्थनेच्या ग्रुपवर मेसेज आला. ज्याने येशूचं नाव घेतलं नाही तो कितीही सज्जन असो, त्याला नरक चुकत नाही. खाली आमेनची रांग. त्याच ग्रुपवर नुकताच बाप्तिस्मा घेतलेली माणसं आहेत, ज्यांच्या आज्या एकादशी धरून, गळ्यात माळ घालून गेल्या. त्यांना काय वाटेल, हा विचार एकाच्याही मनाला शिवला नाही?

काय वाटतं, ते लिहून ठेवलेलं आहे. धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ ला जपानात कागोशिमाला उतरले. पुढे यामागुचीत लोक ख्रिस्ती झाले. त्या नव्या ख्रिस्ती लोकांनी विचारलं, आमच्या वाडवडिलांचं काय? दानधर्म केला, प्रार्थना केल्या तर ते सुटतील का? झेवियर म्हणाले, त्याला इलाज नाही. लोक रडायला लागले. २९ जानेवारी १५५२ ला कोचीनहून लिहिलेल्या पत्रात हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. जीव लावलेल्या माणसांना असं रडताना बघून आपल्यालाही वाईट वाटतं, हेही.

ज्यांच्या शवप्रदर्शनाला आपण जुन्या गोव्यात तासन् तास रांगेत उभे राहतो, त्यांचं हे उत्तर मला पटत नाही. असं म्हणताना माझी भक्ती तसूभरही कमी होत नाही. त्यांच्यामागे चर्चच्या १४४२ च्या फ्लॉरेन्स परिषदेचं वाक्य होतं: मरणापूर्वी ख्रिस्तसभेत, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये, न आलेले मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, सगळे अनंत अग्नीत. वाक्य कठोर आहे, ते लपवायचं कशाला! पण तेव्हा युरोपची समजूत अशी होती की सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सगळीकडे पोचलीय, म्हणजे बाहेर आहे तो जाणूनबुजून बाहेर आहे. पन्नास वर्षांनी कोलंबस समुद्रापार गेला आणि ज्यांच्या कानावर ते नावच पडलं नव्हतं अशा माणसांनी भरलेला मुलूख समोर आला.

मला चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच पत्रात यामागुचीचे लोक आणखी एक विचारतात. देव दयाळू आहे, तर आम्हाला आधी का नाही सांगितलं? झेवियर उत्तर देतात की चीनमधून धर्मग्रंथ येण्याआधीही खून, चोरी, खोटी साक्ष वाईट हे तुम्हाला कळतच होतं. डोंगरात एकट्या वाढलेल्या, कुणी काहीच न शिकवलेल्या माणसालाही ते कळतं, कारण ते निर्माणकर्त्यानं शिकवलंय. बायबलमध्ये रोमकरांस २:१४-१५ मध्ये संत पौल दुसरं काय सांगतो? म्हणजे किल्ली झेवियरांच्या हातात होती. त्या रडणाऱ्या लोकांसाठी दार तेवढं उघडलं नाही.

ते ख्रिस्तसभेनं उघडलं, सावकाश. १८६३ मध्ये पोप नववे पायस यांनी, मग २१ नोव्हेंबर १९६४ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, ख्रिस्तसभेविषयीच्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजात, कलम १६. नीट वाचा, अटी आहेत. सुवार्ता माहीत नसणं स्वतःच्या दोषानं नसावं. मनापासून देवाचा शोध असावा. विवेकबुद्धीतून त्याची जी इच्छा कळते, तशी कृती असावी, आणि तीही कृपेच्या बळावर. निव्वळ चांगुलपणाचं हे बक्षीस नव्हे. इथेच दुसरी मंडळी घसरतात आणि "सगळेच तरतात" म्हणून मोकळी होतात. त्याच कलमात पुढे लिहिलंय की माणसं पुष्कळदा सैतानाकडून फसवली जातात, म्हणून सुवार्ताकार्य हवंच.

हो, प्रेषितांची कृत्ये ४:१२ मलाही पाठ आहे. दुसऱ्या कुणाकडून तारण नाही. नाकारतंय कोण? जो तरतो त्याला ख्रिस्तच तारतो. पण तारणाऱ्याचं नाव बुडणाऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे, हे तुम्ही कुठून आणलंत? बोस्टनचे फादर फीनी असंच ताणून धरत होते. १९४९ मध्ये रोमनं तिथल्या आर्चबिशपांना लेखी कळवलं की मनातली अव्यक्त इच्छाही पुरू शकते, मात्र तिच्यात प्रीती आणि श्रद्धा हवी. फीनी ऐकेनात, बोलावलं तरी रोमला गेले नाहीत, १९५३ मध्ये बहिष्कृत झाले. आमेन टाइप करणाऱ्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

नरकातून सुटका नाही, ही शिकवण आजही तीच आहे. पण यामागुचीचे वाडवडील नरकातच आहेत, हे झेवियरांना कुणी सांगितलं होतं? ख्रिस्तसभेनं असंख्य माणसांना संत म्हणून जाहीर केलं. अमुक माणूस नरकात आहे, असं नाव घेऊन आजवर एकदाही जाहीर केलेलं नाही.

मेसेज वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला असेल, त्यांनी एवढं करा. आपल्या चर्चच्या ऑफिसात जा, आजीचं नाव द्या, तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सांगा. बाप्तिस्मा झालेला नव्हता, हेही बिनधास्त सांगा. चर्चच्या कायद्याच्या, १९८३ च्या धर्मसंहितेतलं ९०१ वं कलम म्हणतं की धर्मगुरू कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, जिवंत असो वा मृत. मिस्सातल्या चौथ्या कृतज्ञतास्तुतीत, म्हणजे मुख्य प्रार्थनेत, तर ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच ठाऊक आहे अशा सगळ्या मृतांसाठी आपण प्रार्थना करतोच. कुणी आडकाठी केली तर कलमाचा आकडा सांगा. तरीही नाहीच म्हणाले, तर मला मेसेज करा, मी तुमच्याबरोबर येते.