पडेल तेव्हा बघू म्हणे!

परसातला आंबा मेलाय. मेलाय म्हणजे मेलाय! पान नाही, साल सुटलेली, खोड ढोलासारखं वाजतंय, आणि रोख थेट आमच्या कौलांवर. पण तोडायचा? आंबा १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत, परवानगी हवी. परवानगीला सातबारा. सातबाऱ्यावर चौदा नावं. नऊ मुंबईत, दोन वर. त्यांच्या सह्या कुणाकडून आणू, पिंडाला शिवलेल्या कावळ्याकडून?

नाना म्हणतात, "आजोबांनी लावलेला हो, पडेल तेव्हा बघू." मग झोपा की त्याच्याखाली! ३ जून २०२०ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे हिरव्या बागा आडव्या झाल्या, हा तर पोकळ!

आणि तो तोडणारा! "बुंध्यात घाव घालू नि ढकलू." अरे, कुजलेलं झाड तुझं ऐकून पडणार? फांद्या दोरानं बांधून वरून एकेक उतरव म्हटलं, तर "कुजक्यावर चढणार कोण?"

उद्या मृग.