5 गिगाहर्ट्झ आणि शेजारचे आप्पा

परवा ओट्यावर आप्पांनी चारचौघांत विचारलं, "मंग, इतकं करून वाढलं किती?" म्हणजे कॉम्प्युटरचा वेग वाढवायचा एवढा खटाटोप करून. मी खरं ते सांगितलं. पाच फ्रेम. गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं 92 ची 97 झाली. सगळे हसले. ज्यांना फ्रेम म्हटल्यावर चष्मा आठवतो ते तर जरा जास्तच हसले.

भानगड एवढीच, की माझ्याकडे इंटेलचा 9600 के प्रोसेसर आहे. शेवटी 'के' असला की त्याचा गुणक मोकळा असतो, म्हणजे आपण वाढवू शकतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, 43 चे 50 करायचे, मूळच्या 100 मेगाहर्ट्झला गुणायचे, झाले 5 गिगाहर्ट्झ. पण वाढीव वेगाला वाढीव व्होल्टेज लागतं. मी 1.2 चे 1.35 व्होल्ट केले. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि वर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. म्हणजे वेग सोळा टक्क्यांनी वाढला आणि खप झाला जवळपास दीडपट. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. कुठे? माझ्या खोलीत. मे महिन्यात. भुसावळात.

हे शिकवणारी व्हिडिओतली पोरं स्वेटर घालून बसलेली असतात. प्रोसेसरवरचा पंखा कितीही भारी घ्या, खोलीतल्या हवेपेक्षा गार तो काही करू शकत नाही. त्यांची हवा 20 अंशांची, माझी 42. तो फरक जसाच्या तसा प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो. शंभरीला टेकला की तो स्वतःच वेग उतरवतो. मी चढवायचा, त्याने उतरवायचा, असा आमचा खेळ चालला होता, तेवढ्यात आप्पा आले.

आप्पा रेल्वेच्या लोको शेडमधून, इंजिनं दुरुस्त करता करता रिटायर झाले, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून थर्मल पेस्ट लावत होतो.

"काय करू राह्यला रे भो?"

"पेस्ट लावतोय आप्पा. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे हवा राहू नये म्हणून."

"इतकीशी? वंगनाले हात आखडू नही."

"वंगण नाही ते."

"आत घासते काही?"

"नाही."

"फिरते?"

"पंखा फिरतो. प्रोसेसर जागचा हलत नाही."

"मंग पयते काय?"

इथे मी जरा अडखळलो. म्हटलं, त्याचे ठोके पडतात. सेकंदाला 500 कोटी.

आप्पा गप्प झाले. आकड्याला त्यांनी मान दिला हे खरं. मग खुर्ची ओढून बसले.

"सेकंदाले पाचशे कोटी. अन् त्याच्यावर तू करतो काय?"

"गेम खेळतो."

"कोनासंगं?"

"असतात कोणीकोणी. ओळखीचे नाहीत."

"जिकतो?"

प्रश्न तांत्रिक राहिलेला नव्हता, म्हणून मी पेस्टची ट्यूब बंद केली.

आप्पा उठून गेले. मला वाटलं, सुटलो. प्रोसेसरवरचा कूलर परत बसवून मशीन चालू केलं. पाच मिनिटांत ते स्वतःच्या घरचा लोखंडी कूलर ढकलत आले. पाण्याने भरलेला, नवं गवत लावलेला. त्याचं तोंड त्यांनी थेट उघड्या कॅबिनेटकडे केलं. मी ओरडलो, ओलसर हवा आहे, मदरबोर्डवर थेंब उडाला तर मेलो! आप्पा म्हणाले, "इंजिन पावसात चालते." आणि बटण दाबलं.

तापमान 96 वरून 81 वर आलं. आलंच. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर जोरात चालतो, ही खानदेशात कोणाला सांगायची गोष्ट नाही. पण माझा प्रोसेसरवरचा महागडा कूलर डोळ्यांसमोर उताणा पडला, ते बघायला गल्लीतली निम्मी पोरं दारात जमली होती.

शिवाय तोपर्यंत भाचा आलाच. "मामा, अडलंय ग्राफिक्स कार्डाशी, प्रोसेसरशी नाही. आणि तुमचा मॉनिटर 60 हर्ट्झचा. 92 काय, 97 काय, डोळ्याला 60 च दिसणार." मला ते माहीत होतं. मला माहीत असणं वेगळं आणि भाच्याने आप्पांसमोर सांगणं वेगळं.

बरं, हेही चालवून घेतलं असतं. मी इथे शंभराव्या भागापर्यंत व्होल्टेज जुळवत बसायचं आणि बाहेरच्या खांबावरून दुपारी 180 व्होल्ट यायचं, रात्री 250. यूपीएस कोकलतो. संध्याकाळी लाइट गेली ती जेवणं होईपर्यंत आली नाही. तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? केळीला पाणी द्यायचं म्हणून माणसं रात्री-अपरात्री लाइटची वाट बघत शेतात जागतात, त्यांच्यापुढे माझ्या फ्रेमा कोण मोजणार? पण बिल मलाही येतंच, आणि ते दीडपट खपाचं येतं.

आप्पांनी मात्र ही हकीकत बाजारापर्यंत पोचवली. त्यात माझं नाव "तो पोरगा" एवढंच उरलं आहे. काल पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा खांद्यावर कॅबिनेट घेऊन आला. मी दार उघडलं, पंखे बघितले, म्हटलं, ये, ठेव इथे टेबलावर.

"नाही काका," तो म्हणाला, "आप्पा आहेत का?"