अल्फा चांगला आला, पुढे काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

नैराश्याच्या पीएचक्यू-9 प्रश्नावलीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'मराठी भाषांतर केलं, उलट भाषांतराने (मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून) तपासलं, नागपुरातल्या कॉलेजच्या मुलांवर अल्फा उत्तम आला. आता आणखी काय हवं? तुमच्यासारखे लोक नुसत्या खोड्या काढतात.' काढतो, कारण काढण्यासारख्या आहेत.

अल्फा, म्हणजे प्रश्नांची आपसातली सुसंगती मोजणारा क्रोनबॅकचा आकडा, एवढंच सांगतो की नऊ प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या सोबतीने वरखाली होतात. कशामुळे होतात, ते सांगत नाही. या नवांत झोप, थकवा आणि भूक यांचे तीन प्रश्न आहेत, आणि विचारायचं असतं मागच्या दोन आठवड्यांबद्दल. आता मे महिन्याची अखेर धरा. पारा पंचेचाळीसच्या घरात, रात्री दोनला लाईट गेली, कूलर बंद. नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंना झोपेचा प्रश्न विचारला, तर त्या म्हणाल्या, "म्याडम, या उकाड्यात झोप लागते कोणाले?" प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात: झोपेला दोन, थकव्याला दोन, भुकेला एक. झाले पाच, आणि 'सौम्य' नैराश्य पाचापासूनच सुरू होतं. काकू ठणठणीत! शिवाय उकाड्याने तिन्ही उत्तरं एकदम चढतात, म्हणून अल्फा उलट सुधारूही शकतो. तुमचा डेटा कोणत्या महिन्यातला आहे?

कटऑफचं, म्हणजे किती गुणांपासून नैराश्य धरायचं याचं, प्रकरण याहून मोठं आहे. दहा हा आकडा 2001 च्या अमेरिकन अभ्यासातून रूढ झाला. त्यात 6000 रुग्ण होते, सगळे दवाखान्यांत आलेले. त्यांतल्या 580 जणांची तज्ज्ञांनी स्वतंत्र मुलाखत घेतली, तेव्हा कुठे 88 टक्के संवेदनशीलता (नैराश्य असलेल्यांपैकी किती सापडतात) आणि 88 टक्के विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले जातात) हे आकडे मिळाले. तेच आकडे इथे जसेच्या तसे लागू होतात असं मानू. कॉलेजातल्या 1000 मुलांपैकी समजा 50 जणांना खरंच नैराश्य आहे. त्यांतले 44 सापडतील, पण उरलेल्या 950 मधले 114 जणांचेही गुण दहा किंवा जास्त येतील. म्हणजे 158 जणांवर शिक्का, आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश विनाकारण. तुमचा अल्फा यातलं काहीच पकडत नाही.

त्यासाठी काही मुलांची तज्ज्ञाकडून मुलाखत हवी. जास्त गुणवाल्यांची हवी तशी कमी गुणवाल्यांचीही हवी, आणि मुलाखत घेणाऱ्याला गुण माहीत नकोत. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाहीत असं नाही. वेळ जातो, हे खरं. 'अल्फा काढ आणि सबमिट कर' म्हणणारे संशोधनाचे गाईड मलाही ठाऊक आहेत.

परदेशी प्रश्नावली इथे चालतच नाही, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी 1905 ची, पॅरिसमधली. 1930 च्या दशकात व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांवर नव्याने प्रमाणित केली. नुसत्या भाषांतरावर ते थांबले नाहीत. तेव्हा ना कॉम्प्युटर होता, ना आकडेमोडीचं एसपीएसएस सॉफ्टवेअर.

एक राहिलं. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. वर्गात फॉर्म गोळा केल्यावर तो त्याच दिवशी कोणी पाहिला का? शून्याखेरीज उत्तर देणाऱ्या मुलाशी कोण बोलणार, हे आधी ठरलं होतं का? तुमच्या प्रतिक्रियेत याचा उल्लेख नाही. ठरलं असेल तर कळवा, आणि नसेल तर ते फॉर्म आजच काढून बघा.